एअर पिस्तूल नवीन आहे, आधी काय बदलू? ग्रिप, ट्रिगर की साइट?

नवा_नेमधारी
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षीपासून दादरला सावरकर स्मारकाच्या रेंजवर १० मीटर एअर पिस्तूल शिकतोय. आधी क्लबचं पिस्तूल वापरायचो. दिवाळीत एका सीनियरकडून स्टायर एलपी १० घेतलं. सेकंडहँड आहे, पण त्याने जिवापाड जपलेलं होतं. बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं त्यासाठी, म्हणून प्रत्येक रुपया विचार करून घालायचाय.

अडचण अशी की ग्रिप लार्ज आहे आणि माझा पंजा लहान. ट्रिगरच्या पात्यापर्यंत बोटाचं टोक कसंबसं पोचतं. अर्धा तास झाला की करंगळीखालचा भाग दुखायला लागतो. साठ शॉट्सना ६०० पैकी ५४० च्या आसपास येतात, पुढे सरकत नाही.

कॉलेजमधल्या एका मित्राने यादीच करून दिली: बाहेरची नवीन ग्रिप, ट्रिगरचं नवीन पातं, जाड फ्रंट साइट (नळीच्या टोकाची, नेम धरायची खूण) आणि नळीखाली लावायचं वजन. माझं बजेट यातल्या एकाच गोष्टीचं आहे. आधी काय घेऊ? आणि हे घरी बसवता येतं का? सायकल मी पूर्ण खोलून जोडतो, पान्ह्यांचा सराव आहे.

कल्याण_स्लो
आधी मित्र बदल.

(गंमत केली हो. धागा वाचतोय, माझाही भाचा याच वाटेवर आहे.)

वरळीची_हवा
तुझ्या यादीत एकच गोष्ट तातडीची आहे, ती म्हणजे ग्रिप. बाकीच्या तीन वर्षभर विसरून जा.

वरळीच्या रेंजवर बरीच वर्षं मुलांना शिकवते, त्यावरून सांगते. नवीन मूल आलं की पहिले शॉट्स मी टार्गेटकडे बघतच नाही, हाताकडे बघते. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी ग्रिपच्या वरच्या खाचेत घट्ट बसली पाहिजे, तिथे फट राहता कामा नये. पिस्तुलाचा भार मधल्या बोटावर हवा, अनामिकेवर त्याहून कमी, करंगळी नुसती सोबतीला. अंगठा सैल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तर्जनी लाकडाला कुठेही चिकटायला नको. ती चिकटली की ट्रिगर ओढताना बोट लाकडालाही ढकलतं, मग साइट कितीही बरोबर दिसू दे, शेवटच्या क्षणी पिस्तूल हलतंच.

मोठ्या ग्रिपवर नेमकं हेच होतं. बोट पुरत नाही म्हणून मूल पंजा थोडा फिरवून धरतं. मग मनगट वाकडं, करंगळीवर जोर, आणि दर शॉटला पकड वेगळी. करंगळीखाली दुखतंय म्हणालास ना, ते त्यामुळेच असावं.

दहा_पॉइंट_नऊ
ताईंशी थोडा असहमत. ग्रिप हवीच, पण ट्रिगरला कमी लेखू नका. १० मीटरला दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. तिथे पोचायचं तर ट्रिगरचा दुसरा टप्पा (पहिल्या हलक्या ओढीनंतरचा, शॉट सोडणारा) कुठे सुटतो हे बोटाला कळलंच पाहिजे. मी पातं बदललं, खरखरीत पृष्ठभागाचं घेतलं. मुंबईत एप्रिल-मेमध्ये बोटाला घाम येतो आणि गुळगुळीत पात्यावरून बोट सरकतं. माझ्या मते पातं हा स्वस्तात होणारा आणि लगेच फरक देणारा बदल आहे.

वरळीची_हवा
पात्याचं मान्य. घामाचं तर शंभर टक्के खरं. पण लक्षात घ्या, त्याचं बोट अजून पात्यावर नीट पोचतच नाहीये. आधी पोचू दे, मग पृष्ठभाग बघू. शिवाय एलपी १० चं पातं मागेपुढे सरकतं आणि बाजूलाही फिरतं. आहे तेच आधी जागेवर आणलं तर फुकटात काम होतं.

आई_रेंजवर
माझी लेक आठवीत असताना अगदी हीच तक्रार. आम्ही बोरिवलीचे. तिला क्लबने एक मॉरिनी कंपनीचं पिस्तूल दिलं होतं, ग्रिप मीडियम. एवढुशा पंजाला तेही मोठं. ती रडायची, आणि मला वाटायचं हिला आवड नाही. शेवटी तिच्या प्रशिक्षकांनी एक्स्ट्रा स्मॉल ग्रिप मिळवून दिली आणि त्याच आठवड्यात तिचा चेहरा बदलला. गुण नंतर वाढले, आधी दुखणं थांबलं.

बाळा, जमलं तर फक्त ग्रिप घे. दुखत असताना केलेला सराव चुकीची सवय लावतो, आणि ती मोडायला नवीन ग्रिपपेक्षा जास्त खर्च येतो.

बारा_बोअर
धागा चांगला चाललाय. मध्येच विचारतो. माझ्याकडे परवान्याचं .३२ पिस्तूल आहे, इशापूरच्या कारखान्यातलं अशनी. ग्रिपच्या प्लास्टिकच्या पट्ट्या बदलायच्या आहेत, आणि कुणी म्हणालं की स्प्रिंगही बदलून मिळते. इथे कुणी केलंय का?

कोर्टाची_पायरी
तुमचा प्रश्न आणि मूळ प्रश्न यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१० मीटरचं एअर पिस्तूल ४.५ मिलिमीटर बोअरचं असतं. त्याची ताकद साधारण ६ ज्यूलच्या आसपास भरते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ इंचापर्यंतच्या (म्हणजे याच ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या) बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. त्यामुळे या मुलाने ग्रिपचं लाकूड तासलं तर कायद्याचा प्रश्न येत नाही. मात्र त्याच पिस्तुलाची ताकद वाढवायला गेलं तर तो वेगळ्याच खात्यात जातो. १० मीटरच्या कागदाला त्या ताकदीचा उपयोगही नाही.

तुमचं .३२ हे अग्निशस्त्र आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'अग्निशस्त्र' म्हणजे नुसती अख्खी बंदूक नव्हे, तिचे सुटे भागही त्यात येतात. आवाज किंवा ज्वाळा कमी करण्यासाठी बनवलेल्या जोडण्याही येतात. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय कुणीही अग्निशस्त्राची दुरुस्ती, चाचणी किंवा रूपांतर करू शकत नाही. नळी छोटी करण्यासाठी कलम ६ आहे. कलम २५ प्रमाणे यातल्या गुन्ह्यांना किमान ७ वर्षांची शिक्षा आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. 'बदलून मिळते' असं सांगणारा कोण आहे हे बघा. परवाना असलेला शस्त्रविक्रेता किंवा परवानाधारक कारागीर नसेल तर त्याच्या दारात जाऊ नका. पट्ट्यांसाठीसुद्धा दुकानातच जा, कामाची पावती घ्या, आणि तुमच्या परवान्यावरच्या वर्णनात काही फरक पडतो का ते तिथेच विचारा.

बारा_बोअर
आभारी आहे साहेब. पट्ट्यांसाठी जिथून घेतलं त्याच दुकानात जातो, स्प्रिंगचा विचार सोडला.

घाटावरची
मी कोल्हापूरची, सध्या नोकरीसाठी मुंबईत. आमच्याकडे राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सोनं आणलं तेव्हा गल्लीगल्लीत पोरी पिस्तूल मागायला लागल्या होत्या. २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं तेव्हा पोरं रायफल मागायला लागली.

मूळ प्रश्नावर: मी ग्रिप विकत घेतली नाही, जुनीच दुरुस्त करून घेतली. मी डावखुरी, बाजारात डावी ग्रिप मिळेना, मिळाली तर साइज मिळेना. मग मिळाली त्या मोठ्या ग्रिपमध्येच भर घातली. आजही तीच वापरते.

काचपेपर
डाव्या ग्रिपचं दुखणं मला विचारा! मीही डावखुरा.

मी लालबागचा. गिरणीत फिटर होतो, निवृत्त झाल्यावर नातवामुळे या खेळात आलो. तेव्हापासून ओळखीच्या मुलांच्या ग्रिपा हातात घेतो. कारखानदार नाही मी, पण लाकडाची सवय आहे. लेकराने घरी करायचं ठरवलंच असेल तर क्रम सांगतो.

पहिली गोष्ट, ग्रिप पिस्तुलावरून उतरव. ती लावलेली ठेवून काचपेपर चालवणारे मी पाहिलेत. अक्रोडाचा भुगा ट्रिगरच्या आत गेला की पुढचं काम कारागिराचं. उतरवताना कुठला स्क्रू कुठला ते फोनवर फोटो काढून ठेव. अॅलन की चांगल्या घे, नागदेवी स्ट्रीटला एकेक सुटी मिळते. स्वस्तातली की स्क्रूचं डोकं गोल करते, मग तो स्क्रू निघत नाही.

दुसरी गोष्ट, हात कुठे टेकतो ते आधी बघ, तासायचं नंतर. तळहाताला खडूची पूड चोळ, ग्रिप नेहमीसारखी धर, सोड. लाकडावर पांढरे डाग उमटतात. जिथे डाग गडद तिथे टोचतंय, जिथे डागच नाही तिथे पोकळी. तीनचार वेळा कर, कारण एकदा धरलेलं खरं नसतं. डाग दर वेळी त्याच जागी आले की मग पेन्सिलने खूण कर.

पोकळी भरायची म्हणजे लाकडाची भर. एम-सीलसारखं दोन भागांचं मिश्रण चालतं. आधी ती जागा ८० नंबरच्या काचपेपरने खरवडून घे, नाहीतर पॉलिशवर भर धरत नाही, आठवड्यात टवका निघतो. भर पातळ थरात लाव. हातावर पातळ प्लॅस्टिकचा मोजा घाल आणि ग्रिप अशी धर जशी रेंजवर धरतोस. खुर्चीत बसून नाही, उभं राहून, हात पुढे करून. बसून धरलेला पंजा वेगळा असतो. वाळलं की १२० ने, मग २२० ने साफ कर. नाकाला रुमाल बांध, अक्रोडाचा भुगा घशाला लागतो.

लाकूड काढायचं असेल तर थोडं कमीच काढ. भर घालता येते, काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

नवा_नेमधारी
काका, हे तर वर्गात शिकवल्यासारखं सांगितलंत. खूप खूप आभार. एक विचारू? खालची जी फळी असते, तळहाताच्या टाचेखाली, ती किती घट्ट लावायची? मी ती वर ढकलून अगदी घट्ट लावलीय, हात हलत नाही म्हणून बरं वाटतं.

वरळीची_हवा
सैल कर. आजच.

पाम शेल्फ हाताला दाबायला नसते, हात दर वेळी त्याच जागी यावा म्हणून असते. घट्ट लावलीस तर पंजा वरून-खालून आवळला जातो, रक्त अडकतं आणि साठ शॉट्सच्या सव्वा तासात बोटं बधिर होतात. मेमध्ये आणि पावसाळ्यात हात सुजल्यासारखा होतो, लाकूडही ओल धरून फुगतं. वरळीला तर समुद्राची खारी हवा सरळ रेंजवर येते. हिवाळ्यात बरोबर बसलेली शेल्फ जूनमध्ये चावायला लागते. माझ्या विद्यार्थ्यांना मी हिवाळ्याची आणि पावसाळ्याची जागा स्क्रूजवळ बारीक रेघ मारून ठेवायला सांगते.

नियमही सांभाळ. शेल्फ आणि ग्रिप यांच्यातला कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही. शेल्फची कड वर वळलेली चालत नाही, म्हणून भर घालताना कडेला उंचवटा आणू नकोस. मनगट मोकळं दिसलं पाहिजे, लाकडाने त्याला आधार द्यायचा नाही. आणि अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. जाड भर घातलेल्या ग्रिपा ५० च्या बाजूला अडतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आई_रेंजवर
नियमांचं निघालंच आहे तर, पिस्तूल धरणाऱ्या हातात घड्याळ, कडं, बँड काहीही चालत नाही. लेकीला रक्षाबंधनाच्या दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती आणि चुलतबहिणीने हौसेने उजव्या हातावर राखी बांधलेली. आम्ही आधीच सोडवून डाव्यावर बांधली. बहीण हसली, म्हणाली डाव्या हाताचं रक्षण जास्त होऊ दे.

कल्याण_स्लो
डावखुऱ्यांनी मग राखी उजवीकडे ठेवावी. काका आणि घाटावरची, तुमचं एक तरी काम सोपं झालं.

दहा_पॉइंट_नऊ
मी परत ट्रिगरवर येतो, कारण नवीन मुलं स्वतःहून तिथेच हात घालतात आणि त्याला कुणी सांगणार नाही तर मी सांगतो.

एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. स्पर्धेआधी तपासणीत नळी उभी धरून पात्याला वजन लटकवतात आणि ते जमिनीवरून अलगद उचलतात. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही तर पास. इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते: वजन पात्यावर कुठे टेकतं त्यावर निकाल बदलतो. पात्याच्या खालच्या टोकाला टेकलं तर ट्रिगर लवकर सुटतो. त्यामुळे घरी काटेकोर ५०० लावून गेलेला मुलगा तिथे नापास होऊ शकतो.

वरळीची_हवा
अगदी. माझ्या एका विद्यार्थिनीचा राज्य पातळीवर असाच घोळ झाला. ट्रिगर नेमका ५०० ला लावलेला. तपासणीत सुटला, परत लावायला धावपळ, पोरगी फायरिंग पॉइंटवर पोचली तेव्हा हात थरथरत होते. तेव्हापासून मी ५१० ते ५२० च्या खाली कुणालाच लावू देत नाही. दहावीस ग्रॅमने गुण जात नाहीत, भीतीने जातात.

बाकी ट्रिगरचे आतले स्क्रू नवीन मुलाने घरी फिरवायचे नाहीत. पहिल्या टप्प्याचं वजन, दुसऱ्याचं, आतल्या पकडीची खोली, सुटल्यावरचा थांबा हे सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. पकड फार उथळ झाली तर पिस्तूल नुसतं टेबलावर ठेवताना सुटू शकतं. ते प्रशिक्षकासमोर किंवा रेंजच्या कारागिराकडेच.

घाटावरची
यात भर: एकावेळी एकच गोष्ट बदल. ग्रिप बदललीस तर निदान महिनाभर साइट, पातं, वजन काहीही हलवायचं नाही. नाहीतर गुण वाढले तर कशामुळे आणि पडले तर कशामुळे, काहीच कळत नाही. मी डायरी ठेवते, ग्रिपवर काय केलं ते तारखेसह, आणि शेजारी त्या दिवशीचे गुण.

नवा_नेमधारी
फ्रंट साइट आणि नळीखालच्या वजनाबद्दल कुणी सांगेल का? मित्राचा त्यावर फार भर होता.

दहा_पॉइंट_नऊ
फ्रंट साइट आणि मागच्या खाचेत दोन्ही बाजूंनी किती उजेड दिसतो, त्यावर जाडी ठरते. हात डुलत असेल तर थोडा जास्त उजेड बरा, डोळा शांत राहतो. बऱ्याच पिस्तुलांत मागची खाच रुंद-अरुंद करता येते, तीच फिरवून बघ, नवीन काही घ्यायची गरज नाही.

नळीखालचं वजन सुरुवातीला नकोच. पिस्तूल किलोच्या आसपास असतंच, नियमाने १५०० ग्रॅमपर्यंत जाता येतं, पण पुढे टांगलेलं पन्नास ग्रॅमही शेवटच्या दहा शॉट्सना खांद्याला जाणवतं. खांदा तयार झाला की मग.

कल्याण_स्लो
भाच्याच्या बॅगेत पाण्याच्या दोन बाटल्या भरून लोकलच्या दारात उभं करतो, खांदा आपोआप तयार होईल.

आई_रेंजवर
नका हो, दारात उभं राहू नका, गमतीतसुद्धा!

आणि प्रवासाचं सांगते. पेटी नेहमी कुलूप लावून, पिस्तुलात सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची दिसणारी खूण), आणि बरोबर खरेदीचं बिल व क्लबचं पत्र. आम्हाला एकदा तपासणीला थांबवलं होतं. लेकीने शांतपणे पत्र दाखवलं, क्लबच्या सरांना फोन लावून दिला, पाच मिनिटांत सुटलो. कागद नसते तर तो दिवस वाया गेला असता, आणि लेक घाबरली असती ते वेगळंच. मेट्रोपेक्षा शक्यतो घरच्या गाडीने नेतो आता.

काचपेपर
सगळे ग्रिप-ट्रिगर बोलताय, पण सेकंडहँड एलपी १० म्हटल्यावर मला वेगळीच काळजी आहे. बाळा, सिलिंडरवरची तारीख बघितलीस का?

हवेच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो. बनवल्याच्या तारखेपासून १० वर्षं त्याची मुदत, ती सिलिंडरवरच कोरलेली असते. मुदत संपलेला सिलिंडर भरायचा नाही आणि स्पर्धेतही चालत नाही, ती जबाबदारी नेमबाजाचीच असते. जुनं पिस्तूल घेताना माणसं नळी बघतात, साइट बघतात, डाग बघतात, सिलिंडर उलटा करून कुणी बघत नाही. आत्ता उठून बघ आणि इथे लिही.

नवा_नेमधारी
काका, बघितलं. पिस्तुलाबरोबर दोन सिलिंडर मिळाले होते. एकाची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलीय. दुसऱ्याची या डिसेंबरला संपते. दोन्ही मी आलटून-पालटून भरत होतो.

वरळीची_हवा
मुदत संपलेला आजच बाजूला काढ. त्यातली हवा रेंजवर सरांसमोर सोडून दे आणि तो परत कधीच भरू नकोस. घरी काहीही करायचं नाही, ना भोक पाडायचं ना भंगारात द्यायचं. विक्रेत्याकडे परत दे.

काका, तुम्ही विचारलंत म्हणून बरं झालं. मी ग्रिपच्या नादात हे विचारलंच नाही.

दहा_पॉइंट_नऊ
म्हणजे बजेटचं उत्तर बदललं. पैसे नव्या सिलिंडरला, ग्रिपला नाही. डिसेंबरनंतर सिलिंडरच नसेल तर सरावही नाही आणि स्पर्धाही नाही.

आणि तो बिलावर, मान्यताप्राप्त विक्रेत्याकडूनच घे. परदेशी दुकानांच्या संकेतस्थळांवर स्वस्त दिसतं, पण शस्त्रांचे भाग आयातीला मोकळे नाहीत. माझ्या ओळखीच्या एकाचं ट्रिगरच्या पात्याचं साधं पार्सल महिनोन्‌महिने अडकून पडलं आणि शेवटी परत गेलं. सिलिंडर तर विमानाने यायला आणखी कटकटीचा.

आई_रेंजवर
टोकियोला २०२१ मध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला होता, आठवतं? सगळं घर टीव्हीसमोर होतं, लेकीने तोंड फिरवून घेतलं. तीच मुलगी २०२४ ला पॅरिसला त्याच १० मीटर प्रकारात ब्राँझ घेऊन आली. पण तेव्हापासून आम्ही स्पर्धेच्या आदल्या रात्री सिलिंडर, रबरी सील, स्क्रू, सगळं एकदा हात लावून बघतो. लेकच बघते, मी नुसती दिवा धरते.

नवा_नेमधारी
बाबांशी बोललो. सिलिंडर आधी, यावर दोघांचं एकमत झालं. ग्रिप काकांनी सांगितलं तशी भर घालून सुधारतो. शेल्फ सैल केली, आजच्या सरावात करंगळीखाली पहिल्यांदा दुखलं नाही. ट्रिगरचं पातं सरांनी मागे घेऊन दिलं, आता बोटाचं पेर नीट टेकतं. गुणांचं नंतर सांगतो, घाटावरची ताईंची डायरीची पद्धत सुरू केलीय.

काका, एक धाडस करून विचारतो. पहिल्यांदा तुमच्यासमोर करू का? लालबागला येऊ शकतो.

काचपेपर
ये की. रविवारी सकाळी दहानंतर. फक्त ग्रिप उतरवून आण, पिस्तूल घरी कपाटात कुलपात राहू दे. लोकलला पेटी नको आणि माझ्या चाळीत चार पोरं बघायला जमतात, तीही नको. उतरवण्याआधी फोटो काढ. खडू माझ्याकडे आहे, काचपेपरही. एम-सील ताजं घेऊन ये, जुनं पाकीट असेल तर ते नीट धरत नाही.

एक काम आधी करून ये. घरी उभा राहून डोळे मीट, पिस्तूल उचल, स्थिर झालं की डोळे उघड. सेफ्टी फ्लॅग लावून, रिकामं, भिंतीकडे, आणि बोट ट्रिगरबाहेर. साइट मधोमध दिसते, डावीकडे सरकते की उजवीकडे, वर की खाली, ते लिहून आण. बरेचदा कर. भर कुठे घालायची ते त्यावरून ठरवू.

घाटावरची
काका, मीही आले तर चालेल का? माझ्या डाव्या ग्रिपची भर अंगठ्याखाली थोडी झिजलीय, आणि डावखुऱ्या माणसाचा हात तुमच्याइतका कुणाला कळणार.

काचपेपर
ये. तू कोल्हापूरची ना, मग येताना तांबड्या रश्श्याची चव विसरून ये, आमच्याकडे रविवारी कोंबडी मालवणी असते.

कल्याण_स्लो
काका, भाच्याची ग्रिप मीडियम आहे आणि त्याला अगदी नीट बसते. तरी त्यात काहीतरी खोट काढाल का? मालवणी कोंबडीसाठी विचारतोय.

काचपेपर
भाच्याला आण, खोट मी शोधतो. पण त्याचा सिलिंडर आधी उलटा करून बघ आणि तारीख मला इथेच लिहून पाठव.